बाकावरचे चौथे

"बाहेर घेतलेलं माप आत लावू नका." असे म्हणून सर सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत. शिरूरच्या एका महाविद्यालयात ते पदार्थविज्ञान शिकवीत, मी गणित. निवृत्तीनंतर आमची भेट एसटी स्थानकातल्या तिघांच्या बाकावर होई. मी, वडगाव रासाईचे शेतकरी आप्पा, आगारातले एक निवृत्त कंडक्टर आणि सर्वांत उशिरा येणारे ते. आल्यावर म्हणत, "सरका. अणुकेंद्रातही दाटीच असते."

निवृत्त होऊनही विषय न सुटलेले शिक्षक तुम्ही पाहिले असतील. सरांचा विषय एकच होता. मोकळा प्रोटॉन आणि लोखंडाच्या अणुकेंद्रातला प्रोटॉन यांची मोजमापे जुळत नाहीत. आतल्या दाटीत त्याच्या पोटातले कण जरा मंदावतात. सगळेच प्रोटॉन थोडे बदलतात, की अगदी चिकटलेल्या जोड्याच फार बदलतात, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

आप्पा एकदा म्हणाले, "म्हंजी आमच्या जावयावानी. त्याच्या घरी येगळा, आमच्यात आला की येगळा."

"जावई मोजून पाहिलात?"

"मोजाया हाती लागाया पायजे न्हवं, सर."

सर हसले. पत्नी गेल्यानंतर ते क्वचितच हसत.

गेल्या हिवाळ्यात ते न्हाणीघरात पडले. मुलगा पुण्याहून आला, तो त्यांना कायमचे न्यायचे ठरवूनच. त्यांना जायचे नव्हते. बाकावर येऊन म्हणाले, "तिथं मी 'सरका' कुणाला म्हणू?"

"नगा जाऊ," आप्पा म्हणाले. "तुम्हीच सांगितलंय, न्यूट्रॉन अणुकेंद्रातनं भाईर काढला की पाव तासात मोडतो."

"सरासरी पाव तास," त्यांनी दुरुस्ती केली. "आणि मी न्यूट्रॉन नाही. उगाच दाखले लावू नका."

ते पुण्याला गेले.

तिथून त्यांचे फोन येत. "इथल्या बागेतला बाक मोठा आहे. एकटाच ऐसपैस बसतो." मी प्रोटॉनचा विषय काढला, तर म्हणत, "असेल." पुढे फोन विरळ झाले. उन्हाळा सरता सरता आला तो मुलाचा. आम्ही तिघे पुण्याला अंत्यदर्शनाला जाऊन आलो.

आता बाकावर तिघांना पुरेशी जागा आहे. तरीही आम्ही खांदे आवळून एका कडेलाच बसतो. परवा मी आप्पांना म्हणालो, "जरा मोकळे बसा."

"बसलोय की," ते म्हणाले, आणि तसूभरही सरकले नाहीत.