नंबॅट आणि बोंडअळीचा पतंग

देवळीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचं म्हणजे किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. यंदाचे सगळे एकाच विषयाचे. तो आमच्या विभागप्रमुख ढोले सरांनी तोंडी परीक्षेसाठी दिला: ऑस्ट्रेलियातला वाळवी खाणारा दुर्मीळ प्राणी नंबॅट आणि आपल्या कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचा पतंग, तुलना करा.

"सर, ही कुठली जोडी?" मी विचारलं.

"एकाले सारे वाचवून राह्यले, दुसऱ्याले सारे मारून राह्यले. पोट्टे जन्मात विसरणार नाई."

मला काळजी होती ती कोमलची. गेल्या वर्षी तोंडीला ती घाबरून गप्प बसली आणि नापास झाली. एवढा एकच विषय राहिला होता. तो निघाला नाही तर बी.एड.चा प्रवेश गेलाच.

*

विषयाचं पोस्टर करायचं ठरलं. 'नंबॅट व पतंग' एवढंच लिहून फ्लेक्सवाल्याला पाठवलं. आलेल्या फ्लेक्सवर डावीकडे झकास नंबॅट आणि उजवीकडे संक्रांतीचा पतंग, मांजासकट!

मी चिडून फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, दोरा आपन फ्रीमधी टाकला."

*

नंबॅट शिशुधान प्राण्यांत मोडतो, म्हणजे पिलांसाठी पोटाला थैली असणाऱ्यांत. पण त्याच्या मादीला थैलीच नसते. ढोले सरांच्या वर्गात एकानं हात वर केला. "सर, थैली नाई तं थैलीवाल्याइत काऊन टाकला?"

ढोले सर म्हणाले, "तुझं आडनाव पाटील. गावात कोन इचारते तुले?"

*

तोंडीला बाहेरून आलेले परीक्षक हिंगणघाटकडचे, घरची कपाशी असलेले. त्यांनी कोमलला विचारलं, "नंबॅट एवढा दुर्मीळ, आणि हा पतंग जिकडेतिकडे. कारण सांग."

कोमलनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. मी खिडकीपाशी उभी होते.

मग ती हळूच म्हणाली, "सर, नंबॅटवर कोनी फवारत नाई."

"म्हणजे?"

"गेल्या सालापावतर आमी पऱ्हाटीवर फवारूनच राह्यलो होतो, आन् हे वाढूनच राह्यले होते."

परीक्षकांनी मान डोलावली. मग त्यांनी गुण मांडले. मला दिसले, पोरगी आरामात पास होती. पेन खिशाला लावून ते पुढे वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुह्या बाबानं यंदा कोनतं औषध मारलं?"

"काईच नाई सर. यंदा आमच्याइथं पतंगच दुर्मीळ आहे."