बोक्याचं पाणी तोडलं तेव्हा

माझे सासरे तलाठ्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, त्यांचं नाक मात्र झालं नव्हतं. शेजारी डाळ करपली तर शेजारणीच्या आधी ती मामंजींना कळायची. अशा नाकाच्या घरात मी उमरठहून सून म्हणून आले, ती मांडीवर एक टोपली घेऊन. महाडला उंदीर फार असं कुणीतरी आईला सांगितलं होतं, म्हणून तिने आमचा बोका टोपलीत घालून वर फडकं बांधून दिला होता. एस.टी.तून उतरले तेव्हा सासरच्यांना वाटलं, टोपलीत लाडू आहेत. फडकं सोडल्यावर जी तोंडं झाली ती मी अजून विसरलेले नाही.

नवरा मुंबईला गिरणीत. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा आणि आला की झोपायचा. लग्नात माझं नाव बदललं होतं आणि त्या नव्या नावाने हाक आली की मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावताहेत असं समजून गप्प बसायचे. माझा जुना आवाज ओळखणारा त्या घरात तो एक बोकाच. माझा त्याच्यावर फार जीव होता, यात लाजायचं काय?

महाडात पावसाळा म्हटला की सगळा संसार पोटमाळ्यावर चढतो, कारण नदी कधी घरात येईल ते सांगता येत नाही. तांदळाची पोती, गोधड्या, आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरून ठेवलेली सुकट, बोंबील आणि मामंजींची जुनी दफ्तरं असं सगळं आमच्या माळ्यावर होतं. उंदरांच्या बंदोबस्ताला बोक्याचीही नेमणूक तिथेच झाली. दिवसभर वर कोंडलेला, खायला हवी तेवढी सुकट. उंदीर कमी झाले की नाही देव जाणे, सुकट मात्र झाली.

श्रावण लागला आणि एके दिवशी मामंजी माळ्याच्या शिडीखाली थबकले. नाक वर केलं, डोळे मिटले.

"हा मांजराचा मूत आहे," ते म्हणाले. "आणि साधा नाही."

साधा नव्हताच. डोळ्यांतून पाणी काढील असा उग्र भपका होता. वर जाऊन बघितलं तर बोक्याने बरोबर दफ्तरावर कार्यक्रम उरकला होता. एवढी पोती सोडून त्याला सरकारी कागदच कसे सापडले, या विचाराने मला हसू आलं आणि ते पदरात दाबताना ठसका लागला. मामंजींनी ते बघितलं.

मग निदानं सुरू झाली. समोरच्या घरातल्या चाची म्हणाल्या, "बोका वयात आला, बेटी. आता वास मारणारच. आमच्या पोरानं मुंबईहून अत्तर आणलंय, देऊ का थोडं?" मामंजींचं मत पडलं की हा माहेरच्या वळणाचा दोष आहे. सासूबाईंनी मात्र सगळ्यांचं ऐकून घेतलं, कपाळाला आठी घातली आणि उपाय सांगितला. सहा पोरं वाढवलेली बाई ती.

"पोर हातरुणात मुतायला लागला तर काय करतात? सांजेपासून पाणी तोडतात. ह्याचा पाणी तोडा. आत जायला नाय तर भायेर येल कुठून?"

यात कुणालाच काही खोट दिसली नाही. मलासुद्धा नाही! बोक्याची वाटी उचलली गेली आणि त्याचा आहार सुकटीवर चालू राहिला. चार दिवसांत वास कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला. मामंजी नाकाला उपरणं बांधून जेवायला बसू लागले. घास तोंडात घालताना ते दर खेपेला वर करावं लागे, त्यामुळे जेवण तासभर चाले.

पाचव्या दिवशी हुकूम सुटला. मांजर मारायचं नाही, काशीला सोन्याचं मांजर वाहिलं तरी ते पाप फिटत नाही. पण शनिवारी पोत्यात घालून नदीपार सोडून यायचं, म्हणजे वाट सापडत नाही. शनिवार दोन दिवसांवर होता. मी भाकऱ्या थापत होते, सगळ्या करपवल्या. बोक्याची बाजू मांडायची सोय नव्हती, कारण मामंजींशी मी तोवर एक अक्षर बोलले नव्हते.

शुक्रवारी सकाळी बोका माळ्यावरून उतरला आणि मामंजींच्या पुढ्यातच बसला, मुतायला बसतात तसा. बसला, कण्हला, उठला, दोन पावलांवर पुन्हा बसला. थेंबभर झालं. मग त्याने जो आवाज काढला, तो ऐकून मी पदर सावरायचं विसरून पुढे झाले.

"त्याला दुखतंय हो, मामंजी!" मी ओरडले. "त्याला आधी डॉक्टरकडे न्या, मग कुठं टाकायचं तिथं टाका!"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग बोक्याकडे, आणि कोनाड्यातली छत्री काढली. "चल गो," म्हणाल्या.

गुरांच्या दवाखान्यात दोन बैल, एक म्हैस आणि त्यांच्यामागे टोपली घेऊन आम्ही दोघी. बैलवाले हसून लोळायचे बाकी होते. डॉक्टर भला माणूस. त्याने बोक्याचं पोट चाचपलं आणि विचारलं, "पाणी किती पितो?"

"तोडलंय," सासूबाई अभिमानाने म्हणाल्या.

डॉक्टरने कपाळाला हात लावला. "अहो आजी, खारी सुकट खायला घालता आणि पाणी तोडता? पाणी कमी पडलं की लघवी आटते. आटली की वास मारते, मग जळजळते, मग सूज येते, खडा धरतो. सारखं जावंसं वाटतं आणि थेंबभर होतं, पोटात खाली दुखतं. बोका वयात आला म्हणून थोडा वास येणारच, पण हा वास तहानेचा आहे. वेळेवर आणलात. पुरता अडला असता तर दोन दिवसांत मेला असता."

तो बोक्याबद्दल बोलत होता आणि माझे कान तापले होते. एकेक लक्षण माझं होतं. आमचा संडास परसात, त्याची वाट मागच्या पडवीतून, आणि पडवीत सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत मामंजी पेपर घेऊन खुर्चीत. सोबतीला त्यांचे दोन मित्र. त्यांच्यासमोरून हातात टमरेल घेऊन सून जाणार कशी? मी पहाटे जायचे आणि मग अंधार पडल्यावर. मधे जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच पीत नव्हते.

दवाखान्याच्या पायरीवर सासूबाई थांबल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून हाय?"

"लग्न झाल्यापासून."

"मला बी," त्या म्हणाल्या, आणि छत्री उघडली.

घरी आल्यावर त्यांनी डॉक्टरची पुडी देवळीत ठेवली, बोक्याची वाटी काठोकाठ भरली आणि थेट मागच्या पडवीत गेल्या.

"उद्यापास्नं पेपर म्होरच्या ओटीवर वाचायचा. उद्या कशाला, आताच उठा."

"का?" मामंजींनी चष्मा काढला. "आणि त्या बोक्याचं काय?"

"बोका कुठं जायचा नाय. डॉक्टरांनी सांगितलाय."

"खुर्ची हलवायलासुद्धा डॉक्टरांनी सांगितलं?"

"व्हय."

मामंजी मित्रांकडे बघू लागले. मित्र आधीच उठले होते. शेवटी ते खुर्ची उचलून पुढे गेले, आणि गुरांच्या डॉक्टरचा आपल्या खुर्चीशी संबंध काय, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सासूबाईंनी माझ्या हातात तांब्या दिला. "पी. माझ्यासमोर पी." मी उभ्यानेच सगळा प्यायले. पाणी घशाखाली उतरत होतं आणि डोळ्यांतूनही येत होतं. थोड्या वेळाने, भर दुपारी, मी रिकाम्या पडवीतून परसात गेले.

परत आले तेव्हा त्या टमरेल भरून दारातच उभ्या होत्या.

"सर गो," म्हणाल्या, "आता मी जातंय."