जामीनदाराशिवाय

डाळमिलला लागणाऱ्या पत्र्याच्या चाळण्या आम्ही जळगावच्या एमआयडीसीत बनवतो. शेड भाड्याची, कारागीर सहा. भोकं पाडायचं मोठं मशीन घ्यायचं म्हणून मी बँकेत गेले, तर मॅनेजर म्हणाले, "मॅडम, मिस्टरांना घेऊन या."

"ते अमळनेरला शाळेत भूगोल शिकवतात. कारखाना माझा आहे."

"मग जामीनदार आणा. नाहीतर घर तारण द्या."

छोट्या उद्योगांच्या कर्जाला सरकारी हमी मिळते, तारण लागत नाही, हे मी नीट वाचून गेले होते. तसं सांगितलं, तर ते हसले. "योजना असतात हो. वसुली मलाच करावी लागते."

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक मिलमालक. त्यांच्या कानावर हे गेलं. त्यांनी बोलावून चहा पाजला. "मी होतो जामीन, ताई. फक्त चाळण्या माझ्याशिवाय कुणाला द्यायच्या नाहीत."

मी कप अर्धा ठेवून उठले. पुढच्याच महिन्यात त्यांची ऑर्डर बंद झाली. दोन कारागिरांना घरी बसवावं लागलं. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं, पण नाही म्हटल्याचा पस्तावा झाला नाही.

हे कळल्यावर माझे वडील, आबा, चोपड्याकडच्या गावाहून एसटीने आले. पिशवीत घराचा उतारा. "मी सही करी देस. घर तुन्हंबी शे."

"घर माझंही आहे, आबा, पण नियमात लागतच नाही, तर का करायची सही?"

त्यांना घेऊनच बँकेत गेले. अर्ज टेबलावर ठेवला. "नाकारताय ना? कारण लिहून द्या, मी लगेच जाते."

तारण नाही म्हणून नाकारलं असं लेखी दिलं, तर त्यांनाच वर जाब द्यावा लागला असता. मॅनेजर लिहून देईनात. मी बसून राहिले. आबाही बसले, शटर ओढेपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शिपायाने आबांना पंख्याखालची खुर्ची दिली. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजरांनी चिडून हात पुढे केला, "द्या तो अर्ज इकडे."

मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं, पण हमी योजनेतून मिळालं. आबांची सही कुठेच नव्हती. नवं मशीन परवडेना, म्हणून वापरलेलं घेतलं. घरी बसवलेले दोघे परत आले आणि धुळ्याच्या मिलमध्येही आमच्या चाळण्या जाऊ लागल्या.

गेल्या दिवाळीनंतर त्याच मिलमालकांचा फोन आला. माल तातडीने हवा होता.

"आधी धुळ्याची गाडी भरायची आहे," मी म्हटलं. "तुमचा नंबर त्यानंतर. भाव सगळ्यांना तोच."

ते साइज सांगू लागले.