सॉफ्टवेअरची शिरगणती

सांख्यिकी कार्यालयात त्यांना सगळे मोजणीबाई म्हणत. सव्वीस वर्षांत त्यांनी विहिरी मोजल्या, हातमाग मोजले, एका वर्षी तर शहरातल्या भटक्या मांजरांचीही शिरगणती केली. त्यामुळे साहेबांनी नवं काम पुढ्यात टाकलं तेव्हा त्या डगमगल्या नाहीत. ओपन सोर्स सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो, कुणीही घ्यावं, वापरावं, सुधारावं असं सॉफ्टवेअर, शहरात किती ठिकाणी वापरतात ते मोजायचं होतं.

बाईंनी तीनशे बारा ठिकाणी फॉर्म धाडले. दोनशे नव्वद जणांचं एकच उत्तर आलं: ‘वापरत नाही.’

“चला, काम फत्ते!” साहेब म्हणाले.

“साहेब, इतकी माणसं एका सुरात बोलली की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय.”

कॉम्प्युटरच्या पोटातलं बाईंना ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या भाचीला बरोबर घेऊन त्या प्रसूतिगृहात गेल्या. नर्सला विचारून भाचीनं नोंदणीच्या पडद्यावर ‘माहिती’ दाबलं, मग ‘परवाने’. एक यादी उघडली. भाची बोटानं ती वर सरकवत राहिली आणि यादी काही संपेना.

“मावशी, यातलं एकेक नाव म्हणजे या सॉफ्टवेअरच्या आत वापरलेलं एकेक ओपन सोर्स. चारशे अकरा आहेत.”

“अगं बाई!” नर्स ओशाळली. “आम्ही तर ‘नाही’ लिहून पाठवलं. कुणाला ठाऊकच नव्हतं हो.”

मग दोघींनी दर शनिवारी शहर पालथं घातलं. ग्रंथालय, पाणीपुरवठा, बेकरीतला वजनकाटा, जिकडेतिकडे तशाच याद्या. बाई थक्क होऊन वाचत राहायच्या. रोज ज्या जमिनीवरून आपण चालतो ती कुणीतरी हातानं अंथरलेली निघावी, तसं त्यांना वाटे.

त्या याद्यांत एक नाव सारखं भेटे: तारखांचा हिशेब लावणारं एक चिमुकलं सॉफ्टवेअर. खाली एकाच व्यक्तीचा पत्ता. बाईंनी पत्र टाकलं आणि आठवड्यानं फोन आला. पलीकडे निवृत्त गणित शिक्षिका होत्या.

“परीक्षांचं वेळापत्रक लावताना लीप वर्षाचा घोळ व्हायचा, म्हणून लिहिलं होतं मी ते. कुणी चूक कळवली की अजून दुरुस्त करते. सात-आठ जण तरी वापरत असतील ना?”

बाई एकेक ठिकाण वाचू लागल्या. बऱ्याच वेळानं प्रसूतिगृह आलं.

“तिथं काय करतं ते?”

“बाळांच्या लसींच्या तारखा काढतं. गेल्या वर्षी सहा हजार बाळं झाली.”

शिक्षिकांनी आकडा पुन्हा विचारला.

“सहा हजार,” बाई म्हणाल्या.

“माझ्या वर्गाचा पट साठाच्या वर कधी गेला नव्हता हो.”

बाईंनी यादीतलं पुढचं ठिकाण वाचलं.

अहवालात बाईंनी लिहिलं: तीनशे बारापैकी तीनशे नऊ ठिकाणी वापर, उरलेल्या तिघांकडे कॉम्प्युटरच नाही. ‘लिहिणाऱ्यांची संख्या’ या रकान्यात मात्र, नोकरीत पहिल्यांदाच, त्यांनी ‘मोजता आली नाही’ असं लिहिलं.

साहेबांनी तो रकाना दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि सही केली.