अजगराची लांबी

आमच्या वजनसरांनी आयुष्यात एकाही अजगराला फीत लावली नाही. भिवंडीतल्या आमच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे, मी जीवशास्त्र. पडघ्याच्या गोदामांत साप निघाला की वनखात्याची माणसं त्यांना हाक मारायची, कारण पंचक्रोशीत त्यांच्याइतक्या शांतपणे साप धरणारं कुणी नव्हतं. नोंदीसाठी अजगराची लांबी लागते. इतर लोक दोघं-तिघं मिळून त्याला ताणायचे. सर म्हणायचे, "त्याला सरळ व्हायचं नाहीये, तर आपण का हट्ट धरायचा?"

ते त्याला पोत्यात घालून तराजूला टांगायचे आणि वजनावरून लांबी सांगायचे. वनखात्याच्या जुन्या नोंदी घेऊन त्यांनी आलेख काढला होता: इतक्या लांबीच्या अजगराचं वजन साधारण इतकं. मग तोच आलेख उलटा वाचायचा.

बारावीच्या वर्गात व्यस्त फलन शिकवताना ते हेच उदाहरण घेत. "परत यायच्या आधी बघा, परत येता येतं का. दोन वेगळ्या लांबींचं वजन एकच निघालं, तर येताना कुठल्या दारात शिराल?" पोरं हसायची. वजनसर हे नाव त्यांनीच पाडलं. सरांना ते आवडायचं.

निवृत्तीच्या आधीच्या मे महिन्यात पडघ्याहून फोन आला. मीही त्यांच्यासोबत गेले. गोदामाच्या मागच्या भिंतीलगत माल ठेवायच्या मोडक्या लाकडी पॅलेटचा ढीग होता आणि त्यापुढे अजगर लांबच लांब पसरला होता. वॉचमन म्हात्रेकाका म्हणाले, "लय मोठा हाय, सर. पाण्याच्या टाकीकडं चालला व्हता."

सुपरवायझर घाईत होता. "सर, जल्दी पकडो. दोपहर को जेसीबी आएगा, ये सब साफ करना है."

सरांनी अजगर अलगद पोत्यात घेतला. वजन भरलं नऊ किलो. वनरक्षकाने सरांच्या आलेखावर नजर टाकून वही उघडली. "आठ फूट लिहू?"

अजगर पसरला होता तिथे जाऊन सरांनी शेजारची पॅलेट मोजली. चार-चार फुटांची, अडीच. "दहा फूट," ते म्हणाले. "बाई, माझा आलेख ह्याला दोन फुटांनी कापतोय."

"तराजू चुकला असेल."

"तराजू बरोबर आहे. सूत्राला भूक माहीत नसते. एवढा वाळलाय, म्हणजे बरेच दिवस खाल्लं नसणार. का?"

इतकी वर्षं मी जे शिकवत होते, ते मला तेव्हा आठवलं. अजगराची मादी अंड्यांना वेटोळं घालून बसते, आणि तेवढे दिवस अन्नाला तोंड लावत नाही.

आम्ही ढिगाची वरची दोन पॅलेट उचलली. आत पांढरी, एकमेकांना चिकटलेली अंडी होती. सुपरवायझरने वाकून पाहिलं आणि जेसीबीवाल्याला फोन लावला, "आज मत आना."

त्याच्या मालकाला समजवायला मात्र संध्याकाळ झाली. सर त्याच्यासमोर हात जोडून उभे होते. कॉलेजात त्यांना कुणापुढे असं उभं राहिलेलं मी पाहिलं नव्हतं. शेवटी मालक म्हणाला, "ठीक आहे. एक कोपरा राहू दे." मादीला परत ढिगात सोडलं. म्हात्रेकाकांनी भोवती दोरी बांधली.

जून उजाडला तेव्हा सर दवाखान्यात होते. पोटाचं दुखणं त्यांनी फार दिवस अंगावर काढलं होतं. पिल्लं बाहेर पडल्याचं म्हात्रेकाकांनी मला कळवलं. मी वनरक्षकाबरोबर जाऊन पाहिलं आणि तिथूनच सरांना फोन केला.

"किती?" आवाज अगदी बारीक झाला होता.

"एकोणीस. दोन अंडी तशीच राहिली."

"आणि आई?"

"दिसली नाही. शेताकडे गेली असणार."

"जाऊ दे," ते म्हणाले. "आता कुणी धरू नका तिला. आधी पोटभर खाऊ दे."

त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही.