बिनदुधाच्या गाई

पानगळ संपत आली की ग्रोनिंगन या डच शहरात सुपरमार्केटांच्या दारातच बोर्स्टप्लाटच्या डब्या रचून ठेवलेल्या दिसतात. बोर्स्टप्लाट म्हणजे साखर, साय आणि जरासं लोणी आटवून, घोटून, साच्यात ओतलेली वडी. डिसेंबरातल्या सिंटरक्लासच्या सणापर्यंत इथली माणसं ती आवडीने खातात आणि एरवी वर्षभर तिचं नावही काढत नाहीत. मी पहिल्यांदा खाल्ली तेव्हा नवऱ्याला म्हटलं होतं, "ही आपल्या बर्फीची गरीब बहीण. वेलदोडासुद्धा परवडला नाही बिचारीला." माझी जीभ तशी जरा जास्तच चालते.

पण मी स्वतः ती करायला बसले ते माझ्या डच मैत्रिणीमुळे. ती सुरुवातीला मैत्रीण नव्हती. नवरा विद्यापीठात रिसर्च करायला आलेला, मी त्याच्या व्हिसावर आलेली, आणि डचच्या नावाने शंख. इथे ग्रंथालयात नाव नोंदवलं की आठवड्यातून एकदा इथलंच कुणीतरी तुमच्याशी डचमध्ये गप्पा मारायला येतं. माझ्या वाट्याला ती आली. माझ्याहून थोडी मोठी, उंच, हाताचे पंजे शेतकऱ्याचे. दर मंगळवारी दुपारी जिन्याखाली सायकल लावून वर यायची, आणि मी क्रियापदांची वाट लावत असताना शांतपणे चहा प्यायची. बिनदुधाचा.

कारण ती व्हीगन होती. दूध नाही, तूप नाही, मधसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे ती वाढली होती गाईंच्या गोठ्यात. तासाभराच्या अंतरावरच्या एका खेड्यात तिच्या आईवडिलांची दुधाची शेती होती. वासरू जन्मलं की लगेच गाईपासून तोडायचं आणि त्याला बादलीने दूध पाजायचं, हे काम लहानपणी तिच्याकडे असे. पलीकडच्या गोठ्यात गाय हंबरत राहायची. विशीत कधीतरी तिने ते सगळं सोडलं. आई म्हणाली, "याच दुधावर वाढलीस तू." त्यानंतर ती आईकडे जायची ती स्वतःचा डबा घेऊन. एका टेबलाशी दोघी बसायच्या आणि वेगवेगळं खायच्या. वडील गेले, शेती विकली, आई गावातल्या छोट्या फ्लॅटमध्ये राहायला आली, पण डबा काही सुटला नाही.

मी तिला चिडवायचे. दूध न पिणारी गवळ्याची पोर म्हणायचे. ती हसायची. खरं सांगायचं तर मला तिचं हे व्रत मनातून फारसं कळत नव्हतं. आमच्याकडे उपास म्हटला की दूधतूप उलट वाढतं. मांस न खाणं मला समजत होतं, मी स्वतः कधी खाल्लं नव्हतं. पण तुपाने कुणाचं काय बिघडतं, असं मला वाटायचं, आणि मी ते वाटणं कधी नीट तपासूनही पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी नोव्हेंबरात ती एका मंगळवारी पत्र्याचे साचे घेऊन आली. गाईच्या आकाराचे, त्यातला एक शेपटीशी जरासा चेपलेला. तिची आई दर वर्षी त्यात बोर्स्टप्लाट करायची आणि घरातल्या सगळ्यांना एकेक गाय मिळायची. पहिल्यांदा डोकं खायचं असा त्यांच्याकडे नियम होता. आता आईच्या हातांना घोटणं जमत नव्हतं, म्हणून तिने साचे लेकीला देऊन टाकले होते.

"तू त्या खोबऱ्याच्या वड्या करतेस ना," ती म्हणाली, "तुला साखर कळते. आपण दुधाशिवाय करून बघू या? शनिवारी आईकडे नेते. ती खाईल आणि मीही खाईन. एकाच डब्यातलं."

शेवटचं वाक्य ती माझ्याकडे न बघता बोलली. मला मात्र स्फुरण चढलं. दुधाची जागा कशाने भरायची हा प्रश्न मला विचारावा, म्हणजे माशाला पोहता येतं का विचारण्यासारखं. पहिला प्रयोग नारळाच्या दुधाचा केला. फक्कड झाला, पण ती चाखून म्हणाली, "ही तुझी वडी आहे. आईची नाही." बरोबरच होतं. नारळ लपत नाही.

मग शुक्रवारी काजू. रात्रभर भिजवले, गंधासारखे वाटले, फडक्यातून पिळून घेतले. दाट पांढरं दूध निघालं. निम्म्या गाई पांढऱ्या ठेवायच्या आणि निम्म्यांना बिटाच्या रसाने गुलाबी करायचं, असं आमचं ठरलं. एक ठिपक्यांची गाय करायचाही बेत होता. ती ऑफिसमधून लवकर निघून आली होती आणि आम्ही दोघी लहान मुलींसारख्या चेकाळलो होतो. पाक गोळीबंद झाला, काजूचं दूध घातलं, मी घोटायला लागले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. आईचा होता. ती बोलत बोलत बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली.

इकडे मिश्रण बिघडायला लागलं. काजूचं असंच असतं, एकदा आळायला लागलं की क्षणात गच्च होतं. बुडाला चिकटलं, कडा सोडेना. अशा वेळी आपल्याकडे काय करतात? कडेने चमचाभर तूप सोडतात. माझी आई तेच करते, मावशी तेच करते. माझा हात शेगडीशेजारच्या तुपाच्या बरणीत गेला तो सवयीनेच गेला, हे मी कुणाच्याही गळ्याची शपथ घेऊन सांगेन. पण चमचा बरणीतून बाहेर आला तेव्हा मला समजलं होतं की हे तूप आहे. तो कढईपर्यंत जायच्या आत मी थांबू शकत होते.

थांबले नाही. एवढ्याने काय होतंय, असं वाटलं. पॅसेजमधून तिचं बोलणं ऐकू येत होतं. आईशी ती सावकाश बोलायची, त्यामुळे मला समजलं. "हो आई, मीपण खाणार. तू खाशील तेच." ती असं म्हणत असताना मी तूप सोडलं. मिश्रणाने लगेच कडा सोडल्या, गोळा चकचकीत झाला. आणि आता एकदा सोडलंच आहे तर, म्हणून साच्यांनाही तुपाचाच हात फिरवला.

ती आत आली तेव्हा गाई साच्यांत होत्या आणि बरणीला झाकण लागलेलं होतं.

गार झाल्यावर तिने पहिली गाय अलगद उपडी केली. पांढरी, गुळगुळीत, शेपटी चेपलेली. नियमाप्रमाणे डोकं खाल्लं. मग स्टुलावर बसली. मला वाटलं बिघडलं. पण तिचे डोळे भरले होते.

"हेच," ती म्हणाली. "हेच आईचं. इतक्या वर्षांत ही चव मला कुठेच मिळाली नव्हती. काय केलंस तू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं आणि त्यातून आलं, "काजू चांगले होते."

तिने मला मिठी मारली. इथली माणसं उगाच मिठ्या मारत नाहीत. ती गेली आणि मी कढई घासत बसले, घासून झाली तरी घासत राहिले.

नवरा संध्याकाळी आला, ताटलीत ठेवलेल्या दोन गाईंपैकी एक तोंडात टाकली आणि म्हणाला, "वा. तूप काय मस्त लागतंय."

एका घासात ओळखलं त्याने. मला इतकी लाज वाटली की मी त्याच्यावरच खेकसले. मग सगळं सांगितलं.

"सांगू नकोस," तो म्हणाला. "तिने खाल्लं, तिला आवडलं, उद्या आईकडे जातेय, दोघी एकत्र खातील. चांगलंच होतंय की सगळं. तू कशाला हरिश्चंद्राचा अवतार घेतेस? पुढच्या वेळी तेल लाव."

"आणि तिला कळलं तर?"

"कोण सांगणार आहे? मी?"

पटण्यासारखं होतं, आणि मला पटवून घ्यायचंच होतं. पण जेवताना एक जुनी गोष्ट आठवली. आमच्या इथल्या पहिल्या हिवाळ्यात खालच्या मजल्यावरच्या काकूंनी आम्हाला वाटाण्याचं सूप पाठवलं होतं. अर्धा वाडगा खाऊन झाल्यावर कळलं की सॉसेज त्यात शिजवून नंतर काढून घेतलं होतं. "चवीपुरतंच," त्या म्हणाल्या होत्या, अगदी प्रेमाने. मी बाथरूममध्ये जाऊन रडले होते. माहेरी पुण्याला फोन करकरून, ह्या लोकांना दुसऱ्याच्या पोटात काय जातंय याची काही पडलेलीच नाही, असं कितीतरी दिवस ऐकवत होते. आम्हाला तेवढंही चालत नाही हे त्या बाईंना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं. आणि वर मी काजूंचं कौतुक केलं होतं.

सकाळी ती निघायच्या आत गाठायची म्हणून सायकल काढली. समोरून वारा, अंगावर भुरभुर पाऊस. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते, डचमध्ये, इंग्लिशमध्ये. सगळ्या वाक्यांत मी थोडी थोडी निर्दोष ठरत होते.

तिने दार उघडलं तेव्हा अंगात कोट होता. टेबलावर डबा तयार होता, लाल फितीने बांधलेला. तिचा नेहमीचा जेवणाचा डबा मात्र ओट्यावर रिकामा, उपडा पडलेला. तो तिने भरलाच नव्हता. मला तो बघवेना.

"त्यात तूप आहे," मी दारातूनच म्हटलं. "लोण्याचं तूप. गाईचं."

"साच्याला?"

"आतसुद्धा. चमचाभर."

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं वाटलं असतं. "विसरलीस?" तिने विचारलं. अगदी साधेपणाने विचारलं, आणि सुटायची वाटही तिनेच दाखवली. हो म्हटलं असतं तर तिथेच मिटलं असतं.

"हात विसरला," मी म्हटलं. "मग मला आठवलं. तरी मी घातलं. आणि काल तू विचारलंस तेव्हा खोटं बोलले."

ती खुर्चीवर बसली, कोटासकट. बराच वेळ फितीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मी माफी मागितली, डचमध्ये मागितली, मग इंग्लिशमध्ये, आणि दोन्हीकडे ती पोकळच वाटली.

"आई नेहमी म्हणायची," ती शेवटी बोलली, "लोण्याशिवाय बोर्स्टप्लाट होत नाही म्हणून. मला काल वाटलं होतं, की होतं." मग ती उठली, ओट्यावरचा डबा सुलटा केला, फ्रीजमधून काबुली चण्याचं हमस काढलं, ब्रेडला लावलं, आणि माझ्यासमोर तो डबा भरला.

"मी नवीन करून देते," मी म्हणाले. "आत्ता. तेल लावून. पुढच्या गाडीने जा."

"नको. आईला दहाची गाडी सांगितली आहे, ती वाट बघत बसेल."

दोन्ही डबे तिने पिशवीत ठेवले. मी स्टेशनपर्यंत तिच्याबरोबर सायकल चालवली. आम्ही हवेबद्दल बोललो.

पुढच्या मंगळवारी ती आली. मला वाटलं होतं यायची नाही. आईने गाई खाल्ल्या, ती म्हणाली, एकामागून एक, डोक्यापासून. तिने आईला खरं सांगून टाकलं होतं, लपवणं तिच्या स्वभावातच नाही. आई हसली होती. "बघ," म्हणाली होती, "मी काय सांगत होते." मग दोघींनी त्याच टेबलाशी बसून आपापलं खाल्लं, दर वेळेसारखं. मैत्रिणीने हे सांगताना आवाजसुद्धा चढवला नाही. इतक्या वर्षांच्या भांडणात आईला आयता पुरावा मिळाला, आणि तो माझ्या हातून मिळाला, हे मीच मनातल्या मनात पुरं केलं.

त्या हिवाळ्यात मी खोबरेल तेल लावून, काजू बदलून, सोयाची साय घालून पुन्हा पुन्हा गाई केल्या. वाईट नव्हत्या. ती प्रत्येक वेळी एक खायची आणि छान झाली म्हणायची. आईकडे नेऊ का, असं मात्र तिने एकदाही म्हटलं नाही, आणि ने म्हणायला मला तोंड नव्हतं.

ती अजूनही येते. माझं डच आता बरं आहे, तिला यायची गरज नाही, तरी येते, म्हणजे मैत्रीच आहे. फक्त एक झालं. इतके दिवस मी पुढे ठेवलेलं ती बोलता बोलता तोंडात टाकायची. या देशात जिला दुकानातल्या प्रत्येक पुड्याची मागची बाजू वाचावी लागते, ती माझ्याकडे कधी काही विचारत नसे, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. आता ती ताटली हातात घेते, मला वाईट वाटू नये म्हणून हसून विचारते, "यात काय काय आहे?" मी सांगते. पोहे, कांदा, शेंगदाणे, मोहरी, हळद, शेंगदाण्याचं तेल, मीठ. ती शेवटपर्यंत ऐकून घेते आणि मग खाते.