कुत्र्याचा घास

आमच्या सासरचा कुत्रा माझ्यावर सात महिने भुंकत होता. वैशाखात लग्न होऊन या घरात आले, तेव्हापासून. घागर घेऊन दारातून आत शिरले की गुरगुर, केरसुणी उचलली की गुरगुर. दिवसातून दहादा दिसणाऱ्या माणसावर इतकं भुंकायचं म्हणजे काय! बरं, त्याला हाड म्हणायचीही सोय नव्हती. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, त्याला बीडच्या कुणा साहेबाच्या बंगल्यावरून आणलं होतं. साहेबाच्या शिकारी कुत्रीचं पिल्लू, म्हणून त्याचा घरात रुबाब. बंगल्यावरच्या शिपायानं वाढवलेलं, त्यामुळं त्याला उर्दूच कळायची. ‘इधर आव’ म्हटलं की शेपूट हलवत यायचं, ‘ये रे’ म्हटलं की तोंड फिरवायचं. निजामाचं राज्य होतं, कचेरीत उर्दू लागायची ते ठीक. पण आपल्याच उंबऱ्यावर लागावी?

आता हा कुत्रा माझ्या जिवाला का लागला, ते सांगते. आमचं कुलदैवत खंडोबा. चातुर्मास लागला की घरात वांगं बंद, ते थेट चंपाषष्ठीला सुटायचं. त्या दिवशी पालीकडच्या खंडोबाच्या डोंगरावर जायचं आणि भरीत-रोडग्याचा निवेद्य दाखवायचा. पण देवाला दाखवला की लगेच माणसं जेवायला बसली, असं नव्हतं. मध्ये कुत्रा. कुत्रं हे खंडोबाचं, म्हणून पहिला घास त्याचा. आणि आमच्या घरात त्यावर आणखी एक रीत. नवी सून आली की त्या वर्षीचा निवेद्य तिच्या हातचा, आणि घास तिनंच घरच्या कुत्र्याला भरवायचा. त्यानं खाल्ला तर दुसऱ्या दिवसापासून चूल तिची. नाही खाल्ला तर पुढच्या षष्ठीपर्यंत तिनं दळायचं, पाणी भरायचं, पण चुलीला हात लावायचा नाही. आमच्या एका चुलत सासूबाईंना दोन वर्षं थांबावं लागलं होतं, आणि ही गोष्ट त्यांनी मला हळदीच्या दिवशीच ऐकवली होती. भल्या बाई!

माझी आई मी लहान असतानाच गेली. भावजयीच्या घरात वाढले, तिथली चूल भावजयीची. काही उकळताना पाहिलं तरी ‘सरक’ म्हणायची. मला माझी एक चूल हवी होती. लई हवी होती. लोक दागिने मागतात, मी चूल मागत होते.

षष्ठीच्या पहाटे अंगणात गोवऱ्यांचा आर करून मी वांगी आणि रोडगे भाजले. निवेद्याचं चाखायचं नाही, म्हणून भरतात मीठ अंदाजानंच घातलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जवळ बसून बघत होत्या. त्या बाईची मला फार धास्ती होती. वांग्याचं व्रत इतकं कडक की चार महिने वांग्याचं नावसुद्धा तोंडातून काढायच्या नाहीत, ‘ती भाजी’ म्हणायच्या. त्यांची पाठ वळली तेव्हा मी तीन रोडगे पदरात बांधले. म्हटलं, वाटेत थोडंथोडं चारून या नवाबाशी दोस्ती करावी, म्हणजे वर गेल्यावर तमाशा नको.

आम्ही पाचजण निघालो. मामंजी, आत्याबाई, आमचे हे, मी आणि कुत्रा. डोंगराखाली ही गर्दी! आसपासच्या गावच्या गाड्या सुटलेल्या, धनगरांचे कळप बाजूला घातलेले, प्रत्येक घराचा एक कुत्रा दोरीला. कुत्री एकमेकांवर भुंकत होती आणि माणसं एकमेकांना राम राम घालत होती. थंडी छान पडली होती. वाटेला दोन्ही बाजूंनी सीताफळीची झुडपं, पायाखाली मुरूम, आणि वरून कुणीतरी हाळी देत होतं, ‘येळकोट येळकोट!’

कुत्र्याची दोरी मी मुद्दाम मागून घेतली. पहिल्या वळणावर एक रोडगा दिला. गुरगुरला, पण खाल्ला. दुसरा दिला, गुरगुरला नाही. तिसऱ्याला तर माझा हात चाटला. मला असा आनंद झाला म्हणता! मी दोरी ह्यांच्या हातात दिली आणि झपाझप पुढं गेले. खिंडीत पोचून मागं पाहिलं, तर कुत्रा मधोमध बसलेला. उठायलाच तयार नाही.

“काहून बसलं बे?” मामंजी विचारायला लागले. “इधर आव! अरे इधर आव!”

कुत्र्यानं जांभई दिली. शेवटी आमच्या ह्यांनी त्याला खांद्यावर घेतलं, कोकरू घेतात तसं. साहेबाच्या शिकारी कुत्रीचं पोर खांद्यावर बसून देवाला निघालेलं पाहून धनगर पोट धरधरून हसत होते. मामंजींनी मिशी चावत मान खाली घातली.

वर पोचलो. देवाला निवेद्य दाखवला, भंडारा उधळला. मग मी पानावरून भरीत-रोडग्याचा घास घेतला आणि कुत्र्यापुढं धरला. त्यानं हुंगला. माझ्याकडं बघितलं. आणि पाय ताणून आडवा झाला.

तीन रोडगे! मीच तर कोंबले होते त्याला. पोट फुटेस्तोवर खाल्लेलं जनावर घास कशाला घेईल? एवढी साधी गोष्ट मला कळू नये? आजूबाजूला चार घरची माणसं थांबून बघत होती. तेवढ्यात आमचे हे पुटपुटले, “मी बी दोन दिलते खालच्या वळणावर.” म्हणजे पाच! दोघांनी मिळून माझ्या चुलीवर पाणी ओतलं होतं. डोळे भरून आले आणि समोरचं काही दिसेना.

“सरका समदे,” आत्याबाई पुढं आल्या. “नजर लागतीया मुक्या जीवाला. तोंडं फिरवा तिकडं. तू बी, पोरी. हात तेवढा दे.”

सगळ्यांनी तोंडं फिरवली, मामंजींनीसुद्धा. आत्याबाई कुत्र्याजवळ बसल्या, आपला पदर त्याच्यावर आणि स्वतःवर ओढला आणि घासासकट माझा हात पदराखाली घेतला. बोटांना काहीतरी ओलं, ऊन लागलं. घास गेला.

“घेतला! घेतला घास!” आत्याबाई उठून ओरडल्या. “येळकोट येळकोट!”

भंडाऱ्यानं सगळे पिवळे झाले. मामंजी तर, ‘साहेबाच्या घरचं जनावर हाय, खाल्ल्याबिगर कसं ऱ्हाईल,’ म्हणून भेटेल त्याला सांगत सुटले. मी पानं मांडायला बसले. आत्याबाई शेजारी येऊन टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, “भरतात मीठ कमी हाय. वाढताना वरून घाल.”

मी हो म्हटलं. आणि मग थांबले. भरीत अजून कुणीच खाल्लं नव्हतं. मी चाखलं नव्हतं, माणसांची पानं अजून कोरी होती. मी कुत्र्याकडं पाहिलं. ते आडवं पडून घोरत होतं. मग आत्याबाईंकडं पाहिलं. ओठाच्या कोपऱ्याला भरीत लागलेलं.

चार महिने वांग्याचं नाव न घेणारी बाई देवाच्या दारात माझ्यासाठी कुत्र्याचा घास खाऊन बसली होती.

मला हुंदका आला. “आत्याबाई,” मी म्हटलं, “देवाला काय वाटंल?”

“खंडोबाला वाहिलेले वाघे देवापुढं कुत्रं होऊन भुंकत्यात, त्यांना मान देतो ना आपण?” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “मग आज म्या झाले कुत्रं. आणि डोळे पूस. लोक बगतील.”

मी डोळे पुसले. त्यांनी माझ्या हातातलं पान घेतलं, ह्यांच्यापुढं ठेवलं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाल्या,

“उद्या चूल पेटवशील तवा ध्यानात ठेव, मिठाचं मडकं डाव्या हाताला हाय.”